अर्जुनकाकांचा मॅच पॉइंट

माण, १० जून, मंगळवार

निशिगंधा,

सत्तावीस एप्रिल, रविवार, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं. माझं सगळं त्या मिनिटाला फिरलं. घड्याळ मी बघितलं नव्हतं, समाधाननं बघितलं होतं. फायनल संपल्याशिवाय पोह्यांच्या पातेल्याला हात लावायचा नाही असं तुझ्या आईनं त्याला बजावलं होतं, आणि भुकेल्या माणसाला मिनिटं पाठ असतात.

नंबर ब्लॉक केलास. इन्स्टावरून उडवलंस. ठीक आहे. पोस्टमनला कोण ब्लॉक करणार? शाळेत 'मामास पत्र' लिहिलं होतं, त्यानंतरचं हे पहिलंच. पार तमिळनाडूतल्या होसूरच्या हॉस्टेलचा पत्ता कुणी दिला ते विचारू नकोस, नाहीतर समाधानशी पण बोलणं बंद करशील.

तर सांत्वनाला लिहितोय. परवा तुझा सिनर पॅरिसला गेला तो गेलाच. तीन मॅच पॉइंट! शून्य-चाळीस! साडेपाच तास खेळून हातातली फायनल घालवली. आमच्या गावच्या बैलगाडा शर्यतीत असं कुणी घालवलं असतं तर वर्षभर तोंड लपवून पाहुण्यांकडे राहिला असता. तू म्हणायचीस, त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हणून तो आवडतो. अगं, चेहऱ्यावर काही दिसत नाही ते तलाठी ऑफिसातल्या क्लार्कच्या पण. आणि त्याला हरवणारा माझा कार्लोस बघ. मरायला टेकला तरी ड्रॉप शॉट मारतो आणि स्वतःच हसतो. माणूस असा पाहिजे. आत काय चाललंय ते बाहेर दिसलं पाहिजे.

मी तसाच आहे. म्हणून तर तू भांडलीस.

पुन्हा सांगतो, भांडण तू वाढवलंस. कॉलनीच्या टूर्नामेंटला पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला बॉल आपणच सांगायचा, आणि शंका आली तर पॉइंट समोरच्याला. नियम तुझ्या पप्पांनी घातलेला, माझा नाही. बॉल माझ्या बाजूला पडला. मला शंका नव्हती. मी आउट दिला. समोर तुझे पप्पा होते आणि टायब्रेकमध्ये त्यांचा मॅच पॉइंट होता, हा काय माझा गुन्हा? पुढचे तीन पॉइंट मी कष्टानं घेतले. आणि "काका, चष्मा बदला" हे गरम डोक्यात निघालं, तेवढ्यापुरतं माफ कर.

महिना झाला तू जाऊन. वाकडच्या पुलाखालून जाताना अजून मान तुझ्या बसस्टॉपकडे वळते. मानेला कुणीतरी सांगायला पाहिजे.

प्रज्वल


तळवडे, १९ जून, जेवणाची सुट्टी

निशिगंधा,

पोस्टकार्ड मिळालं. पन्नास वेळा वाचलं, म्हणजे वेळ फार लागला नाही. चारच शब्द. "बॉल कुठे पडला होता?" ना प्रिय, ना तुझी. आई म्हणाली, "कुनाचं हाय रं?" मी म्हटलं कंपनीचं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "कंपनीला एवढंच इचारायचं व्हतं व्हय?"

बॉल लाइनच्या जवळ पडला होता. झालं?

हे मशीनजवळ बसून लिहितोय, ग्राइंडिंगचं पाणी कागदावर उडालंय. समाधान शेजारी डबा खातोय आणि टेनिसवर प्रवचन देतोय. जोकोविच सर्व्हच्या आधी बॉल इतक्यांदा आपटतो की तेवढ्यात आपला मशीनवरचा एक जॉब ग्राइंड होऊन निघेल, असं त्याचं म्हणणं. मेदवेदेव रिटर्नला इतका मागे उभा राहतो की मॅच हिंजवडीत आणि हा आमच्या माणमध्ये. फेडररबद्दल तो बोलत नाही. "ज्याला घाम येत नाही त्याच्याबद्दल कामगारानं काय बोलायचं राव," म्हणतो.

तुझ्या पप्पांचा देव नदाल. का, ते त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाटल्या बघ त्याच्या. दोन्हीची लेबलं एका रेषेत. आमच्या कंपनीत तीस वर्षं फाइव्ह-एस, वस्तू जागच्या जागी ठेवायचं, शिकवायलेत, एकाला जमंना झालंय." मी हसलो होतो. मला तेव्हा टेनिसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तू तिथं येतेस म्हणून मी तीनशे रुपयांचं रॅकेट घेऊन कोर्टाबाहेर उभा होतो. काकांनी विचारलं, "खेळायचंय का नुसतं बघायचंय?" बघायचंय असं सांगता येत नव्हतं, म्हणून शिकलो. ग्रिप त्यांनी शिकवली. दोन वर्षं दर रविवारी.

ऊन होतं गं त्या दिवशी. मी पूर्वेकडे तोंड करून, सूर्य डोळ्यात. सिमेंटच्या कोर्टावर बॉलचा ठसा उमटत नाही. पॅरिसच्या लाल मातीवर उमटतो, म्हणून तिथं पंच खाली उतरून बोट दाखवतो. आपल्याकडे कुणाला काय दाखवायचं?

भोंगा झाला. जातो. एवढं लिहिलं तर तू पण दोन ओळी लिही. होसूरला जेवण कसं आहे? तिकडे भाकरी मिळते का?

प्रज्वल


माण, २९ जून, रविवार

निशिगंधा,

तू कंपनीत माल तपासणाऱ्या क्वालिटीवाल्याची पोरगी आहेस हे मी विसरलो. "पहिल्या पत्रात शंका नव्हती. दुसऱ्या पत्रात ऊन डोळ्यात होतं. दोन्ही खरं कसं?" असं कार्डावर लिहितात का? ते कार्ड आमच्या पोस्टातल्या सगळ्यांनी वाचलं असणार. पोस्टमन देताना माझ्याकडे असा बघत होता की मी कुणाची जमीन लाटलीय.

आणि कार्लोसला मध्ये आणायची काय गरज होती? हो, माहितीये मला. शेल्टनशी मॅच होती, बॉलला लागला तेव्हा रॅकेट त्याच्या हातातून सुटलेलं होतं, पंचाला कळलं नव्हतं, यानं स्वतःहून सांगितलं आणि पॉइंट सोडला. "तुझा कार्लोस सांगतो, तू का नाही?" अगं, त्याच्याकडे पॉइंट सोडायला शंभर पॉइंट आहेत! त्याला त्या पोरीच्या बापाकडे जाऊन "काका, एक विचारायचं होतं" असं म्हणायचं नव्हतं!

निघालं तोंडातून. खोडणार होतो, पण राहू दे.

हो, विचारणार होतो. जिंकलो की पोहे खाताना काकांना बाजूला घेणार होतो. नवा शर्ट बॅगेत होता. तुला सांगितलं नव्हतं, तू नको म्हणाली असतीस. आणि दुसऱ्या सेटनंतर बाजू बदलताना काकांनी पाणी पिता पिता विचारलं, "कॉलेजचा फॉर्म भरलास का लेकरा? एकच वर्ष राहिलंय, तेवढं करून टाक." तीस माणसं कठड्यावर बसलेली. मला वाटलं मुद्दाम ऐकवलं. वाटलं, यांना माझ्या मनातलं कळलंय आणि हे आधीच नाही म्हणतायत. कॉलेजात त्या सरांनी सगळ्यांसमोर माझी ड्रॉइंग शीट फाडली तेव्हा जसं कानामागे तापलं होतं तसंच तापलं. तेव्हा मी वर्गातून उठून गेलो तो गेलोच. कोर्टातून उठून जाता येत नव्हतं.

आज सकाळी कोर्टावर गेलो होतो. काका मे महिन्यापासून येत नाहीत, तुला माहीत असेलच. त्यांचं रॅकेट त्यांनी वॉचमनला देऊन टाकलंय. तो त्यानं झाडावरचे आंबे पाडत होता. मी ते काढून घेतलं, तर म्हणाला, "साहेब बोले, अब मेरे काम का नहीं."

समाधानचा मेहुणा चाकणला काकांच्याच कंपनीत आहे. तो जे म्हणाला ते तुला कुणी सांगितलंय की नाही, कळत नाही. काका डोळे तपासून आले. दोनदा, दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. नंबर तोच. डोळे ठणठणीत. डॉक्टर म्हणाले घरी जा. काका म्हणाले, "मग मला बॉल आत कसा दिसला?"

मेहुणा हसत हसत सांगत होता. मी चहा अर्धा सोडून उठलो.

उद्यापासून विम्बल्डन. तिथं या वर्षी रेषेवरची माणसंच काढून टाकलीत, मशीन सांगणार आउट की नाही. बरंय.

प्रज्वल


माण, १४ जुलै, सोमवार

निशिगंधा,

तुझा सिनर जिंकला. चार सेटमध्ये. पॅरिसला तसा हरून पाच आठवड्यांत परत त्याच माणसासमोर उभा राहिला आणि जिंकला, आणि चेहऱ्यावर तरीही काही नाही. समाधान म्हणाला, "भावा, तुझा कार्लोस हरला आणि तू शिव्या देईना झालास, ताप आलाय का?"

बॉल आत होता.

एवढं लिहायला मला पाच आठवडे लागले. ऊन नव्हतं. म्हणजे होतं, पण पाठीमागून. बाजू बदलून झाली होती, सूर्य काकांच्या डोळ्यात होता, माझ्या नाही. मला पिवळा बॉल पांढऱ्या रेषेच्या आत टेकताना स्वच्छ दिसला. मी तेवढ्यात "आउट" म्हणून मोकळा झालो होतो असं पण नाही. आधी दिसला, मग मी बोट वर केलं. मधे एक श्वास गेला. त्या श्वासात मी ठरवलं.

काका जाळीपर्यंत आले. ओरडले नाहीत. "लेकरा, आत होता." आणि मी तीस माणसांसमोर, "काका, चष्मा बदला! कंपनीत पण असाच माल पास करता का?" सगळे हसले. तू नव्हतीस हसली. काकांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, परत लावला, आणि म्हणाले, "बॉल तुझ्या बाजूचा. तू म्हणशील तसं."

त्या रात्री घरी तू माझ्या बाजूनं भांडलीस, ते मला समाधानकडून कळलं, त्याला काकूंनी सांगितलं. "तो तापट आहे, खोटारडा नाही." तू असं म्हणालीस आणि काकांनी ते मानलं. म्हणजे माझं खोटं तू त्यांच्या गळी उतरवलंस, माझ्यावर विश्वास ठेवून. दुसऱ्या दिवशी तू मला साधं विचारलंस, खरं सांग, तर मी तुझ्यावर ओरडलो, विश्वास नाही का म्हणून! होता, हाच घोळ होता.

मेहुण्याकडून आणखी कळलं. काकांनी अर्ज दिलाय. फायनल इन्स्पेक्शन सोडून स्टोअरला बदली मागितलीय. एकतीस वर्षं ज्या टेबलावर उभं राहून केसाएवढा ओरखडा नुसत्या नजरेनं पकडला, ते टेबल सोडायचं म्हणतायत. "डोळ्यावर भरवसा राहिला नाही, माझ्या हातून खराब माल गेला तर कुणाच्या तरी गाडीत बसेल," असं साहेबाला म्हणाले. साहेबानं विचार करायला मुदत दिली. सोमवारी, एकवीसला, सही.

तुला सांगितलं की सुटेन असं वाटलं होतं. लिहून बघितलं. सुटत नाही.

प्रज्वल


माण, २० जुलै, रविवार, दुपार

निशिगंधा,

तुझं उत्तर आलं नाही. बरोबर केलंस. हे पत्र तुला पटवायला नाही. तुझ्या घरात आज काय झालं ते तुला माझ्याकडून कळावं, दुसऱ्या कुणाच्या तिखटमिठानं नको, म्हणून लिहितोय. 

काल संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. "सत्तावीस एप्रिलच्या फायनलला काकांचा मॅच पॉइंटचा बॉल आत होता. मी बघितला होता. खोटा आउट दिला. विजेते अर्जुनराव." चाळीस माणसांचा ग्रुप. पहिला मेसेज आला, "अकाउंट हॅक झालं का रे?" मग एकानं, "कार्लोसचे भक्त असेच," मग कुणीतरी, "आम्ही हसलो होतो रे, आमचं काय?"  काका मेमध्येच ग्रुपमधून बाहेर पडलेत, त्यामुळे त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे जायलाच लागणार होतं.

सकाळी साडेआठला गेलो. बक्षिसाचा पाच लिटरचा कुकर घेऊन. लिफ्ट बंद. चार जिने. तिसऱ्यावर थांबलो, परत फिरावं असं वाटलं, खरं सांगतो. एक जिना उतरलो पण. मग खालून कुणाच्या तरी पावलांचा आवाज आला, आणि कुकर घेऊन जिन्यात उभ्या माणसाला कारण सांगता येत नाही, म्हणून वर चढलो.

काकूंनी दार उघडलं. "तू?" मग कुकरकडे बघून, "हे कशाला आणलंस?" 

"तुमचा आहे काकू."

"माझ्याकडं आहे की." तरी बाजूला झाल्या.

काका जमिनीवर बसलेले, पुढ्यात परात, तांदूळ निवडत होते. चष्मा नाकाच्या टोकावर. मान वर केली नाही.

"बघ की," काकू मला म्हणाल्या, जसा मी रोज येतो. "मी पाकिटाचा तांदूळ आणते. त्यात खडा असतोय का? तरी महिना झाला, रोज निवडायलेत. निवडलेलाच परत निवडायलेत."

"कोण आहे?" काका.

"प्रज्वल आहे."

"बस म्हणावं."

मी बसलो नाही. बसलो असतो तर राहिलं असतं. उभ्यानंच म्हटलं, "काका, फायनलचा बॉल आत होता. मला दिसला होता. मी खोटं बोललो."

त्यांचा हात तांदळात थांबला.  काकूंनी पदर तोंडाला लावला.

"किती आत?" काकांनी विचारलं.

मला वाटलं शिवी देतील, हाकलतील. त्याची तयारी करून गेलो होतो. याची नव्हती.

"काय?"

"किती आत होता? बोटानं दाखव."

मी खाली बसलो. परातीच्या काठाशी बोटं टेकवली. "दोन बोटं."

काकांनी चष्मा वर सरकवला. माझ्या बोटांकडे बघितलं, परातीच्या काठाकडे बघितलं, आणि माझं एक बोट धरून अर्धवट दुमडलं.

"दीड," ते म्हणाले. "मी दीड बघितलं होतं."

"दीडच असेल काका."

"असेल नाही. दीडच होता." मग आतल्या खोलीकडे तोंड करून, काकू शेजारीच उभ्या असताना, मोठ्यानं म्हणाले, "यशोदा! दीड बोट आत होता!"

"ऐकलं मी," काकू म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

मी माफी मागितली. शब्द आठवत नाहीत, खूप होते. काकांनी मधेच हात वर केला.

"मला एक सांग. तुला शंका होती का? थोडीसुद्धा?"

"नाही."

"मग तू माझा नियम मोडला नाहीस. नियम शंकेचा होता. खोट्यासाठी मी नियमच केला नव्हता." ते परातीतले तांदूळ हातानं सारखे करत होते. "पंधरा वर्षांत गरजच पडली नाही."

निशिगंधा, त्यांनी कानाखाली मारली असती तर मी आनंदानं घरी आलो असतो.

मग मी तुझं नाव काढलं. काढायचं नव्हतं, पण तोंडाला लगाम नाही हे तुला माहीतच आहे. म्हटलं, "निशिगंधाला मी लिहिलंय सगळं. ती..."

"ते तिचं ती बघेल. मी तिचा पंच नाही."

काकू डोळे पुसत म्हणाल्या, "चहा टाकू का थोडा?"

"नको," काका म्हणाले. रागानं नाही, साधंच. "आज नको."

दोन वर्षांत त्या घरातून मी चहा न घेता कधी निघालो नव्हतो. तू भांडलेली असायचीस तेव्हा पण नाही.

काका गुडघ्यावर हात टेकून उठले. परात उचलून काकूंच्या हातात दिली, "घे, शिजव, काही नाही त्यात." मग चष्मा काढला, खिशात टाकला, आणि तसेच बिनचष्म्यानं मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधायला लागले. "साहेबाला रविवारी फोन केलेला आवडत नाही," स्वतःशीच म्हणाले, "पण उद्याचं आजच सांगितलेलं बरं."

मी तिथंच उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं टेबलावरच्या पार्टकडे बघत असतील, उलटून सुलटून.

"जा तू आता," म्हणाले. "मला बोलायचंय."

पलीकडे फोन उचलला गेला. "हां साहेब, अर्जुन बोलतोय, इन्स्पेक्शनचा," काका म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. काकू परात घेऊन आत गेल्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.